दक्षिण गोलार्धातील तीन महिने

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आमच्या न्यूझीलंडच्या प्रवासाविषयी अर्धा तास बोलावे, असे मंडळाच्या चिटणीसांनी सुचविले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. परदेशगमन ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. या सभागृहात बसलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांचे एखादे तरी अपत्य समुद्रापलीकडे आहे, आणि कित्येकांनी आमच्याहून अधिक देश पाहिलेले आहेत. पण चिटणीस म्हणाले, "गुरुजी, लोक जाऊन येतात आणि खरेदीच्या गोष्टी सांगतात. तुम्ही जन्मभर भूगोल शिकविलात. तिकडची जमीन कशी आहे, ते सांगा." हा आग्रह आमच्याने मोडवेना.

आमची योग्यता प्रथमच सांगून टाकतो. आम्ही मॅट्रिक झालो, शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि पाटण तालुक्यातील डोंगराकडच्या प्राथमिक शाळांतून छत्तीस वर्षे नोकरी केली. या छत्तीस वर्षांत हिमनदीचे चित्र आम्ही फळ्यावर किती वेळा काढले असेल, याची गणती नाही. काळा फळा आणि पांढरा खडू असल्यामुळे हिमनदी काढावयास सोपी पडते. परंतु ती काढणाऱ्या गुरुजींनी आणि वहीत उतरवून घेणाऱ्या मुलांनी, कोणीच ती पाहिलेली नव्हती. आमच्या मुलांच्या ओळखीचा बर्फ म्हणजे वळवाच्या पावसातील गारा, नाहीतर यात्रेतील बर्फगोळ्याची गाडी. तेव्हा 'बर्फाची संथ वाहणारी नदी' हे शब्द त्यांनी विश्वासावर घेतले आणि आम्हीही ते विश्वासावरच दिले.

आमची एकुलती एक कन्या व जावई न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील क्राइस्टचर्च शहरी राहतात. नात सात वर्षांची आहे. २०२४ च्या डिसेंबरात आम्ही उभयता निघालो आणि २०२५ च्या फेब्रुवारीअखेर परतलो. मुंबईहून सिंगापूरपर्यंत साडेपाच तास आणि तेथून ऑकलंडपर्यंत सुमारे दहा तास, असा हा आकाशमार्ग आहे. त्या दहा तासांविषयी सांगण्यासारखे काही नाही.

ऑकलंडच्या विमानतळावर मात्र एक गोष्ट पाहावयास मिळाली. त्या बेटांवर मनुष्यवस्ती होऊन अवघी सात-आठशे वर्षे झाली. वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी तेथे मूळचा नाही. त्यामुळे बाहेरून येणारे बी-बियाणे, कीड आणि माती यांविषयी ते लोक कमालीचे दक्ष असतात. आमच्या सौ. नी मेतकूट, गोडा मसाला, पापड असे सर्व जिन्नस कागदावर लिहून दिले होते. तपासनिसाने प्रत्येक पुडी उघडून वास घेतला, हसून परत दिली आणि मधाची बाटली तेवढी काढून घेतली. एव्हरेस्टवर प्रथम पाय ठेवणारा त्यांचा एडमंड हिलरी हा मूळचा मधमाशा पाळणारा, तेव्हा मधाच्या बाबतीत ते कडक असल्यास नवल नाही. नंतर त्याने आमचे बूट मागितले. तळव्याच्या खाचांत पाटणची तांबडी माती अडकलेली होती. ती त्याने आत नेऊन धुऊन आणली आणि कोरडे केलेले बूट दोन्ही हातांनी आमच्यापुढे ठेवले. सरकारी नोकराने असे केलेले आम्ही पूर्वी पाहिले नव्हते.

ऑकलंडमध्ये आम्ही दोनच दिवस होतो. हे शहर सुमारे पन्नास ज्वालामुखींवर वसले आहे. एकेका उपनगराच्या मधोमध एकेक हिरवी टेकडी उभी असते, आणि चढून गेल्यावर टेकडीच्या माथ्यावर खोल वाटी दिसते. माउंट ईडन नावाची अशीच टेकडी आहे, तिचे मूळ नाव मौंगाफाऊ. तिची उंची १९६ मीटर, म्हणजे आपल्याकडे तिला कोणी नावही दिले नसते. पण तिच्यावरून दोन्ही बाजूंचे दोन समुद्र एकाच वेळी दिसतात. समोर खाडीत रांगीटोटो नावाचे बेट आहे, ते सुमारे सहाशे वर्षांपूर्वी समुद्रातून वर आले. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला. येथील जमीन अजून कोवळी आहे. शहराविषयी म्हणाल, तर ३२८ मीटर उंचीचा मनोरा, बंदर, दुकाने, गर्दी, सर्व काही आहे. आम्हांस टेकड्याच आवडल्या.

क्राइस्टचर्चला पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात आमचा गोंधळ दिशांनी केला. तेथे दुपारी सूर्य उत्तरेकडे असतो. ही गोष्ट आम्ही पृथ्वीगोल फिरवून किती तरी वेळा शिकविली होती, पण अंगणात उभे राहून आपली सावली दक्षिणेकडे पडलेली पाहणे निराळे. पूर्वेला उगवलेला सूर्य डावीकडे सरकत जातो. घराच्या उजेडाच्या खोल्या उत्तरेकडे बांधतात. डिसेंबरात रात्री नऊ वाजून गेले तरी ऊन असते, त्यामुळे सांजवात कधी लावावयाची हा सौ. पुढे प्रश्नच पडला. शेवटी त्यांनी घड्याळाप्रमाणे सात वाजता, लख्ख उन्हात, दिवा लावण्याचा परिपाठ ठेवला. मकरसंक्रांतीला तेथील मराठी कुटुंबांनी एका घरी हळदीकुंकू केले. उन्हाळ्याच्या तापात तिळगूळ वाटला गेला, आणि ज्या दिवसापासून आपण दिवस मोठा होऊ लागला असे म्हणतो, त्या सुमारास तेथे तो लहान होत असतो.

रात्रीचे आकाशही उलटे. मृग नक्षत्र डोके खाली व पाय वर करून उभे, आणि व्याध त्याच्या खाली असावयाचा तो वर चढून बसलेला. चंद्रावरचा ससासुद्धा पालथा. आपल्याकडे वैशाखात दक्षिण क्षितिजाशी जेमतेम डोकावणारा त्रिशंकू तेथे रात्रभर मावळतच नाही. नातीला हे सारे सरळच वाटते. "आजोबा, तुमच्याकडे मृग उलटा असतो का?" असे तिने विचारले, आणि प्रश्न बिनतोड होता.

आता या शहराविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. २२ फेब्रुवारी २०११ रोजी दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी क्राइस्टचर्चला भूकंप झाला. त्यात १८५ माणसे मृत्युमुखी पडली. शहराच्या मध्यभागी, ज्यावरून चौकाला नाव पडले ते मोठे दगडी चर्च होते, त्याचा मनोरा कोसळला. दुरुस्ती सुरू झाली, पण २०२४ साली पैशाअभावी ती थांबविण्यात आली, आणि आम्ही पाहिले तेव्हा ती भव्य इमारत लोखंडी आधारांवर उभी होती. तात्पुरती सोय म्हणून शिगेरु बान या जपानी वास्तुशिल्पज्ञाने जाड पुठ्ठ्याच्या नळ्या वापरून दुसरे चर्च बांधले. ते २०१३ साली उघडले आणि आजही वापरात आहे.

ज्ञातिबांधवहो, आमच्यापैकी जे पाटण-चिपळूणकडचे आणि साठी उलटलेले आहेत, त्यांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवत असेल. चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आम्ही आठ वर्षांचे होतो. दगडमातीच्या भिंती आत पडल्या. वडिलांनी आम्हांस घोंगडीसकट ओढून अंगणात आणले. शेजारच्या घरातून आवाज येत होता, तो उजाडेपर्यंत येत राहिला आणि मग थांबला. कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली. हा आकडा आणि क्राइस्टचर्चचा आकडा जवळजवळ सारखाच आहे, ही गोष्ट आमच्या ध्यानात त्या शहरातील स्मारकापुढे उभे असताना आली. एव्हन नावाच्या लहानशा नदीच्या काठी संगमरवरी भिंत आहे. २०१७ साली ती खुली झाली. तिच्यावर १८५ नावे कोरलेली आहेत. ती वाचीत आम्ही भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. अनेक नावे जपानी, चिनी अशी दूरदेशीची होती. शिकावयास आलेली मुले होती ती. त्यांचेही आईबाप कुठल्या तरी गावी फोनची वाट पाहत बसले असतील, हा विचार आमच्या मनात आला, आणि आमची कन्या त्याच शहरात घर घेऊन राहते हेही मनात आले. सौ. भिंतीपाशी फार वेळ थांबल्या नाहीत.

भूकंपानंतर मुख्यतः नदीकाठची सुमारे आठ हजार घरे राहण्यास अयोग्य ठरली. तेथील जमीन पाण्यासारखी होऊन खचली होती. सरकारने ती घेतली, घरे पाडली आणि मोकळी जागा हिरवळीस सोडून दिली. आम्ही रोज सायंकाळी तेथे फिरावयास जात असू. रस्ते आहेत, पण त्यांच्या दोन्ही बाजूंस घरे नाहीत. मधूनच सफरचंदाचे, आलुबुखाराचे झाड लागते, ते कोणाच्या तरी परसातले. परस गेले आणि झाड राहिले. जानेवारीत फळे पिकू लागली, तेव्हा लोक पिशव्या घेऊन येत आणि लागतील तेवढी फळे तोडून नेत. २२ फेब्रुवारीस आम्ही तेथेच होतो. १२ वाजून ५१ मिनिटांनी सारे स्तब्ध उभे राहतात आणि नदीत फुले सोडतात. आमच्या सौ. नीही अंगणातील गुलाब नेले होते. एक त्यांच्याकरिता सोडला आणि एक कोयनेकरिता.

आता डोंगरांकडे वळू. दक्षिण बेटाच्या पश्चिम कडेने उत्तर-दक्षिण अशी पर्वताची लांबलचक रांग गेली आहे. समुद्राकडून येणारे ओले वारे तिला अडतात आणि पश्चिमेस मुसळधार पाऊस पडतो. रांग ओलांडली की पूर्वेस कोरडी, पिवळ्या गवताची पठारे. पश्चिम किनाऱ्यावरील मिलफर्ड साउंडला वर्षाला ६,८०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि पूर्वेच्या पठारावर त्याचा दहावा हिस्सा. सातारा जिल्ह्यातील माणसास हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. महाबळेश्वर आणि दहिवडी यांच्यात जो भेद, तोच येथे. फरक इतकाच, की आपला पाऊस चार महिन्यांत सारे देऊन टाकतो आणि तेथे तो बारा महिने पुरवून पुरवून पडतो. त्या पठारावर मेंढ्या चरतात. १९८२ साली त्या देशात सात कोटींवर मेंढ्या होत्या. आज अडीच कोटींच्या आत आहेत, आणि कुरणांच्या जागी ठिकठिकाणी दुभत्या गाई आल्या आहेत. माणकडच्या मेंढपाळास ही बातमी विचार करण्यासारखी वाटेल.

या पठारावर टेकापो आणि पुकाकी अशी मोठी सरोवरे आहेत. त्यांच्या पाण्याचा रंग मोरपिशी, पण त्यात कोणी दूध ओतावे असा. हिमनदी सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळते, ते पीठ पाण्यात तरंगत राहते आणि त्यावर ऊन पडून हा रंग येतो. पुकाकीच्या काठाने मोटार वळण घेते आणि सरोवराच्या दुसऱ्या टोकाला एकाएकी आओराकी, म्हणजे माउंट कुक, उभा राहतो. जावईबापूंनी मोटार थांबविली. आम्ही काही बोललो नाही, म्हणून त्यांना वाटले की आम्हांस प्रवास बाधला.

या शिखराची उंची आमच्या जुन्या भूगोलात ३,७६४ मीटर अशी होती. ती तेव्हा खरी होती. १४ डिसेंबर १९९१ रोजी रात्री शिखराच्या माथ्यावरचा खडक आणि बर्फ कोसळला आणि पर्वत सुमारे दहा मीटरांनी ठेंगणा झाला. उरलेल्या माथ्यावरचे बर्फ पुढे झिजत गेले. नव्या मोजणीनंतर २०१४ साली ३,७२४ मीटर ही उंची जाहीर झाली. तेथील मूळच्या माओरी लोकांपैकी न्गाई ताहू हे कूळ या पर्वतास आपला पूर्वज मानते. चढणाऱ्यांनी अगदी शेंड्यावर पाऊल ठेवू नये, अशी त्यांची विनंती असते. पूर्वजाच्या मस्तकावर पाय देऊ नये, हे आपल्याला निराळे सांगावे लागणार नाही. १९९८ साली कायद्याने 'आओराकी' हे नाव 'माउंट कुक' या नावाच्या आधी लावण्यात आले.

पर्वताच्या पायथ्याशी टास्मन हिमनदी आहे. त्या देशातील ही सर्वांत लांब हिमनदी, सुमारे तेवीस किलोमीटर. वाटेत तीनशेहून अधिक पायऱ्या चढून एका टेकाडावर गेलो आणि तेथून आम्ही ती प्रथम पाहिली. आमची फळ्यावरची हिमनदी पांढरी होती. ही राखेच्या रंगाची. खालच्या टोकाला तिच्या पाठीवर कित्येक मैल दगडधोंड्यांचा खच पडलेला आहे. तिच्यापुढे एक लांब, करडे तळे आणि तळ्यात घराएवढे बर्फाचे तुकडे तरंगत होते. हे तळे १९७३ साली अस्तित्वात नव्हते. आम्ही शाळेत शिकत होतो तेव्हा तेथे बर्फच होते. २००८ साली मोजले तेव्हा तळे सात किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद आणि २४५ मीटर खोल भरले. म्हणजे आमच्या एका हयातीत एवढी हिमनदी पाणी झाली. २०११ च्या ज्या भूकंपाविषयी आताच सांगितले, त्याच्या हादऱ्याने दोनशे किलोमीटरांवरील या हिमनदीचे तीन कोटी टन बर्फ तुटून तळ्यात पडले आणि तळ्यात लाटा उठल्या. त्याच टेकाडाजवळ 'निळी तळी' नावाची लहान तळी आहेत. हिमनदीचे पाणी त्यांत येईनासे झाल्यापासून ती पावसावर भरतात आणि आता हिरवी आहेत. नाव मात्र निळेच राहिले आहे.

नात म्हणाली, "आजोबा, मी तुमच्याएवढी होईन तेव्हा ही नदी असेल का?"

आम्ही म्हणालो, "असेल, पण पुष्कळ मागे गेलेली असेल."

"मग तुम्ही तिचं चित्र काढून ठेवा."

हिमनदीवर विमान उतरविण्याची सोय तेथे आहे. २२ सप्टेंबर १९५५ रोजी हॅरी विगली नावाच्या वैमानिकाने चाकांखाली हवे तेव्हा उतरविता येणाऱ्या घसरपट्ट्या बसवून याच टास्मनवर प्रथम विमान उतरविले, तेव्हापासून ही विद्या चालत आली आहे. दोघांचे भाडे आमच्या जवळजवळ दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाइतके होते. जावई देऊ म्हणत होते, तेही आम्हांस रुचेना. आम्ही खालूनच पाहून समाधान मानावयाचे ठरविले होते. तेव्हा सौ. नी पाकीट काढले. निघण्यापूर्वी त्यांनी भिशीचे पैसे उचलून डॉलर करून आणले होते. त्या पैशांच्या बांगड्या व्हावयाच्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, जन्मभर फळ्यावर काढलीत ना ती नदी? मग एकदा तिच्यावर पाय ठेवा. बांगड्या काय, शेवटी मुलीच्याच हातात जायच्या." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पहिल्या दिवशी वायव्येचा वारा सुटला आणि उड्डाण रद्द झाले. दुसऱ्या दिवशी ढग. तिसऱ्या दिवशी पहाटे आकाश धुतल्यासारखे निघाले. वैमानिक आमच्या कन्येच्या वयाची तरुणी होती. विमान आपल्या एस.टी.च्या निम्म्याहूनही लहान. नऊवारी नेसून, वर जावयाचा कोट चढवून सौ. आत बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले ते थेट पर्वतात शिरेपर्यंत.

वरून पाहताना राखेचा रंग सरला आणि बर्फ पांढरे होत गेले. मग ते निळसर झाले. उतारावर ताणल्यामुळे त्याला भेगा पडलेल्या असतात. उन्हाळ्यात आटलेल्या तलावाचा तळ भेगाळतो, तशाच त्या, पण त्या एकेका भेगेत आमची शाळा कौलांसकट मावली असती. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर, बर्फाच्या पुष्कळ वर, मातीदगडाची एक आडवी रेघ होती. वैमानिक म्हणाली, "बर्फ पूर्वी त्या रेघेपर्यंत होते." विहिरीचे पाणी खाली गेल्यावर कठड्याखाली ओल्याची खूण राहते, तशी ती खूण. पुढे तिने घसरपट्ट्या खाली सोडल्या आणि विमान चढाकडे तोंड करून उतरविले. असे केल्याने ते आपोआप थांबते, आणि परत उडताना उताराचा उपयोग होतो. सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, वाहत्या हिमनदीच्या उगमाकडच्या पठारावर, आम्ही उभे राहिलो. वैमानिकाने इंजिन बंद केले.

इतकी शांतता आम्ही ऐकली नव्हती. डोंगराकडच्या शाळेत राहिलेल्या माणसास शांतता नवी नसते. पण तेथे पान हलते, किडा वाजतो. येथे काहीच नव्हते. थोड्या वेळाने दूर कोठेतरी बर्फाचा कडा सुटला आणि वळवाच्या गडगडाटासारखा आवाज आला, पण दृष्टीस काही पडले नाही. सौ. नी वाकून चिमूटभर बर्फ तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "चव नाही हो याला. आपल्या विहिरीचं बरं." आम्ही पायाखाली पाहत होतो. आपण उभे आहोत ती जागा रोज थोडी थोडी खाली सरकत आहे, हे वाक्य आम्ही शिकविले होते, आणि पायास ते कळत नव्हते. बाळगलेला खडूचा एक तुकडा आमच्या कोटाच्या खिशात होता. शिक्षकाच्या खिशात तो असतोच. बर्फावर तो दिसेना.

मिलफर्ड साउंडविषयी थोडक्यात सांगतो. आम्ही मोटारीने गेलो आणि विमानाने आलो. वाटेत होमर नावाचा बोगदा आहे. १९३५ साली पाच मजुरांनी कुदळी आणि हातगाड्या घेऊन तो खणावयास आरंभ केला, आणि वाहतुकीस तो १९५४ साली मोकळा झाला. त्यापलीकडे समुद्राची चिंचोळी खाडी सरळसोट काळ्या कड्यांमधून आत शिरलेली आहे. नावात 'साउंड' असले तरी ती खरी फ्योर्ड आहे, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्र शिरून झालेली. आम्ही गेलो त्या दिवशी पाऊस होता. कड्यांवरून शेकडो धबधबे सुटलेले. आषाढातील वरंधा घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांनी तोच कडा तिप्पट उंच कल्पावा आणि त्याचा पायथा समुद्रात बुडवावा. पावसाचे पाणी रानातून येताना चहासारखे तांबूस होते आणि खाऱ्या पाण्यावर त्याचा थर तरंगतो. त्याच्या अंधारामुळे खोल समुद्रातील काळे पोवळे तेथे वरच्या पाण्यात वाढते.

परतीच्या वेळी ढगांत फट पडली आणि छोट्या विमानाने आम्ही क्वीन्सटाउनला आलो. रस्त्याने चार-पाच तास लागतात, विमानाने चाळीस मिनिटांच्या आत. पंखाच्या टोकापासून कडा हातभर दूर आहे असे वाटते. तो पुष्कळ दूर असतो, असे सांगतात. विमान खाली टेकल्यावर जावईबापूंनी आम्हांस एरेबसची हकिकत सांगितली. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी ऑकलंडहून दक्षिण ध्रुवखंडाचे सृष्टिसौंदर्य दाखवावयास निघालेले विमान एरेबस पर्वतावर आदळले आणि आतील सर्व २५७ माणसे गेली. हे आधी का सांगितले नाही, असे सौ. नी विचारले. जावईबापू म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर तुम्ही बसला नसता." जावयाची निवड आम्ही योग्य केली, असे त्या वेळी वाटले.

आता जे बोलावयाचे आहे ते भूगोलात बसत नाही, पण ते या सभेपुढे मांडल्याखेरीज खाली बसणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. निघण्याच्या आधल्या आठवड्यात कन्येने विचारले, "आबा, इथल्या नागरिकत्वाचा अर्ज करू का?" आपल्या राज्यघटनेप्रमाणे दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की आपले जाते. परदेशस्थ भारतीयाचे कार्ड मिळते, येणेजाणे व राहणे सुकर होते, पण मत देता येत नाही. नात तेथेच जन्मलेली आहे आणि त्या देशाची नागरिकच आहे. आम्ही कन्येस 'नको' म्हणालो नाही. 'कर' हा शब्दही तोंडातून लवकर निघाला नाही. रात्रभर विचार करून सकाळी चहाच्या वेळी तो उच्चारला. तिने अर्ज केला आहे.

दुसरा प्रश्न आमच्या दोघांचा. तेथील सरकारने सप्टेंबर २०२५ पासून आईवडिलांकरिता नवा व्हिसा काढला आहे. त्यावर सलग पाच वर्षे राहता येते आणि पुढे आणखी पाच वर्षे मुदत वाढवून मिळू शकते. मध्यंतरी एकदा देशाबाहेर जाऊन पुन्हा वैद्यकीय तपासणी द्यावी लागते, आरोग्याचा विमा असावा लागतो आणि उत्पन्नाविषयीच्या ठरावीक अटी पुऱ्या कराव्या लागतात. आपल्यापैकी पुष्कळांस हे उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम सांगितले.

सौ. चे मत जावे असे आहे. नात मराठी बोलते ती केवळ आजीच्या तीन महिन्यांमुळे, आणि आता फोनवर तिचे शब्द पुन्हा कमी होऊ लागले आहेत, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. त्यांच्या गुडघ्यांस तेथील थंडी सोसत नाही, हे आमचे म्हणणेही खरे आहे. पाटणचे घर वडिलांनी भूकंपानंतर पुन्हा उभे केले. त्याला कुलूप लावून पाच वर्षे राहावयाचे, हे आमच्या मनास मानवत नाही. सौ. म्हणतात, घर काय, पुन्हा उभे राहते हे तुम्हीच पाहिलेत ना?

अर्ज भरावयाचा की नाही, हे येत्या अक्षय्य तृतीयेपर्यंत ठरवावयाचे आहे. सौ. येथे दुसऱ्या रांगेत बसलेल्या आहेत. मघापासून त्या मानेने आमच्या काही विधानांस नकार देत आहेत. चहाच्या वेळी ज्यांना त्यांची बाजू ऐकावयाची असेल त्यांनी ती अवश्य ऐकावी. आम्हीही ऐकणार आहोत.